तांडा कुठे पोचणार, ते मी ठरवत नाही

मंडळी, समोर कॉलेजची मुलं आहेत, काहींचे पालक आहेत, शिक्षकही दिसतात. म्हणून रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ, काय असतो ते आधी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक जण पात्र घेत नाही, तो बाकीचं सगळं जग सांभाळतो: गाव, वाट, पाऊस, शत्रू, वाटेत भेटणारी म्हातारी. हा गेम मास्टर. तो परिस्थिती सांगतो आणि विचारतो, "आता काय करणार?" उत्तर आलं की पुढे काय झालं ते सांगतो. निकाल कुठेही झुकू शकेल अशी वेळ आली की फासे टाकतात.

याचं मूळ लष्करी आहे. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने सैन्यापुढे नकाशावरचा युद्धखेळ मांडला. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत आणि रणांगणावर काय घडलं ते पंच सांगे. नियम फार जड होत गेले, तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा याने बराचसा खेळ अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सोपवला. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. सैन्याच्या जागी एकेकटा माणूस आला, पंच मात्र राहिला.

आपल्याकडेही असं काही होतं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून विष्णुदास भाव्यांना नाटकाची चालना मिळाली आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. सूत्रधार पदं गायचा आणि बोलणं मात्र नटांनी आयत्या वेळी आपल्या बुद्धीने करायचं. आमच्या टेबलाच्या हे फार जवळचं आहे. फरक एकच. सीतेने माळ कोणाच्या गळ्यात घालायची, ते तिथे ठरलेलं होतं. आमच्याकडे ते ठरलेलं नसतं, आणि गेम मास्टरने ते मनातल्या मनातही ठरवू नये, हेच मला आज सांगायचं आहे.

मग तयारी कसली करायची? एक खेळ सांगतो. काळ अठराव्या शतकातला. लमाणांचा तांडा बैलांवर मीठ लादून घाट चढून आलाय आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी उतरलाय. मीठ बेळगावच्या पेठेत पोचवायचं आहे. खेळाडू म्हणजे या तांड्यातली माणसं. यापुढची गोष्ट माझ्या वहीत नसते. वहीत असतं ते असं: जकात चौकीवरचा कारकून कर्जात बुडालाय, त्याला अमावास्येच्या आत रोकड हवी. भीमगडच्या किल्लेदाराच्या कोठारातलं मीठ संपलंय आणि पैसे द्यायची त्याची ऐपत नाही. गावच्या देसायाला तांडा आपल्याच हद्दीतून जायला हवा, कारण शेजारच्या देसायाशी त्याचा हद्दीचा वाद चालू आहे. यांतलं कोणी मुळातून दुष्ट नाही. प्रत्येकाला काहीतरी हवंय. खेळाडू स्वस्थ बसले तर यांतला प्रत्येक जण काय करील, तेवढी एकेक ओळ मी लिहून ठेवतो.

एवढं असलं की खेळाडू कुठेही वळोत, मी अडत नाही. एका गटाने चौकी चुकवून रानातून वाट काढली. दुसऱ्या गटाने सावकाराला गाठून कारकुनाचं कर्जच आपल्याकडे घेतलं! ही युक्ती मला सुचलेली नव्हती आणि तो खेळ माझ्या फार आवडीचा झाला. आणखी एका गटाने मीठ बारापेड्याच्या गुहेत दडवलं. तिथे फार दुर्मिळ जातीची वटवाघळं राहतात, तर संध्याकाळी ती बाहेर पडताना बैल बुजले. ओळखीच्या मुलखात असा तपशील आयता मिळतो. म्हणून परदेशातले बर्फाळ किल्ले रंगवण्याआधी खानापूरचं रान घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. जुलैत तिथे पाऊस कसा लागतो ते आपल्याला पुस्तकात बघावं लागत नाही.

आता फासे. मी साधे सहा बाजूंचे दोन वापरतो. बेरीज १० किंवा वर आली तर मनासारखं होतं. ७ ते ९ आली तर काम होतं, पण काही किंमत मोजावी लागते. ६ किंवा खाली आली तर डाव अंगावर येतो. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या खेळाने ही पद्धत रूढ केली. हिशेब करून बघा: दोन फाशांच्या ३६ शक्यतांत १० किंवा वरच्या ६, मधल्या १५ आणि खालच्या १५. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा काम होतं, पण त्यातही बहुतेकदा काहीतरी गमावून. गोष्टीला वळण मिळतं ते तिथे. पुष्कळ अनुभवी मास्टर आडोशामागे फासे टाकतात आणि कोणाचं पात्र मरू नये म्हणून आकडा बदलून सांगतात. त्यांची माया मला कळते, पण पटत नाही. जो निकाल आपल्याला सोसणार नाही, तिथे फासे उचलूच नयेत. उचलले तर सगळ्यांसमोर टाकावेत.

आपल्या भागात टेबलावर आणखी एक साधन आहे, ते पुण्या-मुंबईच्या मास्टरला इतकं सहज मिळत नाही. माझा कारकून कन्नडच बोलतो. "एल्लिंद बंद्री?" असं तो विचारतो, आणि गटातल्या एकालाच कन्नड नीट येत असतं. एरवी गप्प बसणारी मुलगी अशा वेळी अख्ख्या तांड्याची दुभाषी होते. ती खरं सांगते की सोयीचं सांगते, ते तिच्या हातात. बाकीचे तिच्या तोंडाकडे बघत राहतात. मी मध्ये पडून मराठीत अर्थ सांगत नाही, कितीही मोह झाला तरी.

भाषा आली की १९५६ पासूनची सीमावादाची ठसठसही येते. ती काही घरांत ताजी आहे. म्हणून खेळाआधी अर्धा तास बसून ठरवावं, काय टेबलावर आणायचं आणि काय नाही. मधोमध एक कार्ड ठेवायचं. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. घरचा वाद घेऊन आलेल्या दोन मुलांना एकाच तांड्यात सुखाने बसता यावं, ही जबाबदारी मास्टरचीच आहे, आणि नियम पाठ असण्याहून मी ती मोठी मानतो.

सुरुवातीला खर्च जवळजवळ नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांचा गाभा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. पहिला खेळ तीन तासांत संपेल एवढाच घ्या. आता प्रश्न घेऊ, आणि नंतर मागच्या टेबलावर हाच तांडा घेऊन बसू. चार जागा आहेत. कन्नड येणारं एक तरी जण पाहिजे.