क्रीम टिकतं का, हे कसं तपासायचं?

मंडळी, केल्या दिवशी त्वचेला लावायचं क्रीम सगळ्यांचंच छान दिसतं. ते कसं टिकतं, हे कळायला तीन महिने लागतात. तेल आणि पाणी इमल्सिफायरनं कसंबसं एकत्र धरलेलं असतं, आणि जरा सैल पडलं की दोघं आपापल्या वाटेनं जातात.

पहिली नोंद 24 ते 48 तासांनी घ्या, कारण सीटिल अल्कोहोलसारखे घट्टपणा देणारे घटक बसायला वेळ घेतात आणि तोवर घट्टपणा बदलत राहतो. रंग, वास, घट्टपणा आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) लिहून ठेवा. पीएचसाठी 1 ग्रॅम क्रीम 9 ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात ढवळून मीटरनं मोजा. प्रमाण दर वेळी हेच ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

मग एकाच घाण्यातल्या तीन बरण्या भरा: एक फ्रिजमध्ये 4 अंशांना, एक 25 ला, एक 40 ते 45 ला. पहिला महिना दर आठवड्याला बघा, पुढे महिन्यातून एकदा पुरे. घाई म्हणून 60 अंशांना ठेवू नका. तिथे मेणच वितळतं आणि चांगलं क्रीमही नापास होतं. बरण्यांचं वजनही करत जा. वजन घटलं, तर दोष झाकणाचा आहे.

चौथी बरणी 24 तास उणे 10 ला आणि 24 तास खोलीत, अशा निदान तीन फेऱ्या. गोठताना बर्फाचे स्फटिक तेलाचे थेंब एकमेकांवर दाबतात, कच्चं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, इथेच उघडं पडतं.

आता दिसेल त्याचा अर्थ. वर दाट थर आला आणि ढवळून मिसळला, तर थेंब फक्त वर तरंगलेत. पाण्याचा भाग घट्ट करा. वर स्वच्छ तेल सुटलं, तर थेंब फुटून एक झालेत, ते ढवळून परत येत नाही. इमल्सिफायर किंवा ढवळण्याची पद्धत बदला. बोटाला रवाळ लागलं, तर इमल्शनला दोष देऊ नका. बहुधा शिया बटर हळूहळू थंड होताना त्याचे कण धरलेले असतात.

पीएचकडे दुर्लक्ष फार होतं. सोडियम बेंझोएट हे क्रीम टिकवणारं प्रिझर्वेटिव्ह आम्लरूपातच जंतूंना रोखतं. पीएच 5 ला त्यातला साधारण 14 टक्के भाग आम्लरूपात असतो, 6 ला जेमतेम दीड टक्का. युरिया घातलेल्या क्रीमचा पीएच साठवणीत चढत जातो, म्हणजे दिसायला क्रीम तसंच, पण राखणदार झोपलेला. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही एवढंच. जंतूंवर त्याचा भरवसा नको.

आणि वरच्या सगळ्या चाचण्या जंतूंबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करतात: क्रीममध्ये मुद्दाम जीवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून 28 दिवस त्यांची संख्या मोजतात. दुसऱ्यांना द्यायचं क्रीम असेल, तर ही टाळू नका. मध्येच सुगंध बदललात, तरी तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.