बटणातला ‘मी’ कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो. आज एका अगदी छोट्या शब्दाबद्दल बोलायचंय, ‘मी’. दिवसभरात तुम्ही तो किती वेळा उच्चारता ते राहू दे, पण तुमच्या वतीनं तो स्क्रीनवर किती वेळा आधीच लिहून ठेवलेला असतो याकडे लक्ष गेलंय का कधी? ‘मी अटी वाचल्या आहेत’, ‘मी सहमत आहे’, ‘मी रोबो नाही’. ही वाक्यं आपण लिहिलेली नसतात, भलत्याच कोणीतरी लिहिलेली असतात, आपण फक्त बोट टेकवतो आणि बोट टेकवलं की ती आपली होतात.

पूर्वी असं नव्हतं. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळ्या स्क्रीनवर काही चुकलं की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ एवढंच यायचं, त्यात मी नाही, तू नाही, कोणीच नाही, रुक्ष होतं पण हद्द स्पष्ट होती, ते मशीन आणि ही मी. मग १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि डेस्कटॉपवर ‘माय कम्प्युटर’ दिसायला लागलं. शाळेच्या लॅबमध्ये एका कम्प्युटरवर आम्ही तिघी बसायचो आणि तिघींनाही तो ‘माय’ आपापला वाटायचा, खरं तर तो तिघींपैकी कोणाचाच नव्हता. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये तो ‘माय’ काढला, नुसतं ‘कम्प्युटर’ राहिलं, आणि विंडोज ८.१ मध्ये त्याचं ‘धिस पीसी’ झालं. मला हे नाव आवडतं, ते कोणाच्या तोंडून बोलत नाही.

पण बाकीकडे गोंधळ वाढतच गेला. एकाच अ‍ॅपमध्ये वर मेनूत ‘माझं खातं’ असतं आणि खाली सूचना असते ‘तुमचं खातं सुरक्षित ठेवा’. म्हणजे वर मी बोलतेय, खाली कोणीतरी माझ्याशी बोलतंय, आणि मधे साधी रेघसुद्धा नाही.

मराठीत तर हे जास्तच जाणवतं. इंग्रजीतलं ‘सेव्ह’ हा मी मशीनला दिलेला हुकूम आहे, पण मराठीत ‘जतन करा’, ‘पाठवा’, ‘हटवा’ असं आलं की कोण कोणाला सांगतंय? मी मशीनला अहोजाहो करतेय की मशीन मला कामाला लावतंय? भाषांतर करणाऱ्यांना मी दोष देणार नाही, ‘जतन कर’ लिहिलं तर कुणाच्या तरी कानाला उद्धटच वाटणार.

आणि आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. इंग्रजीचा ‘वी’ दोन्ही एकाच पोत्यात घालतो. मराठीत ‘आम्ही तुमच्या गोपनीयतेचा आदर करतो’ म्हटलं की लगेच कळतं, या ‘आम्ही’त मी नाही. पण ‘चला, सुरू करूया’ म्हटलं की मी आत. मी लक्ष ठेवून पाहिलंय, माहिती भरून घ्यायची असते तेव्हा ‘करूया’ असतं आणि काही बिघडलं की ‘तुमचा पासवर्ड चुकीचा आहे’. त्यात ‘आपण’ची गंमत अशी की तो आदरानं तुम्हालाही म्हणतात, सगळ्यांना मिळूनही म्हणतात, आणि ‘आपण बरं, आपलं काम बरं’ म्हणताना स्वतःलाही. मग ‘आपला पासवर्ड टाका’ यातला ‘आपला’ कोणाचा? पासवर्ड ही तर अशी वस्तू की ती दोघांची असताच कामा नये.

सर्वनामं फिरवली की माणूस किती आत ओढला जातो हे फार पूर्वी दिसलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाच्या, माणसाशी टाइप करून गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. तो आपल्या वाक्यातले ठरावीक शब्द पकडायचा, ‘माझ्या’चं ‘तुमच्या’ करायचा आणि आपलंच बोलणं प्रश्न करून परत द्यायचा, समजत त्याला काहीच नव्हतं. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना म्हणाल्या, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का. प्रोग्रॅम कसा बनतोय हे त्यांनी महिनोन्‌महिने पाहिलेलं होतं, तरीसुद्धा! त्या बाईंना मी अजिबात भोळं म्हणणार नाही, आपलाच शब्द समोरून परत आला की कोणीतरी ऐकतंय असं वाटतंच.

मला खरा राग येतो तो नकाराच्या बटणांचा. सवलतीची खिडकी उघडते आणि नकाराच्या बटणावर लिहिलेलं असतं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’. अहो, मी असं म्हटलंच नाही, मला फक्त ती खिडकी बंद करायचीय! पण बंद करायची तर हे वाक्य माझ्या तोंडी घेतल्याशिवाय सुटका नाही. निदान संमतीच्या बाबतीत युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आणि तो ‘मी रोबो नाही’वाला चौकोन, गूगलनं २०१४ मध्ये आणलेला, त्यात तर आपल्या वाक्यावर भिस्त नसतेच, आपण कसे वागतो त्यावरून आपण माणूस की रोबो हे यंत्रच ठरवतं. ‘मी’ माझ्याकडून वदवून घ्यायचा आणि त्यावर विश्वासही ठेवायचा नाही.

गेल्या वर्षी मैत्रिणीचे वडील गेले. मेसेज लिहायला घेतला, काय लिहावं सुचत नव्हतं आणि कीबोर्ड वरच्या पट्टीत पुढचा पुढचा शब्द सुचवत होता, मी दाबत गेले. ‘काळजी घे’, ‘धीर धर’, ‘मी’, आणि मग आला ‘येतो’. त्या ‘तो’पाशी माझं बोट थांबलं. मी बाई आहे, मी ‘येतो’ कसं म्हणेन? तो ‘तो’ नसता तर मेसेज तसाच गेला असता. मागे जाऊन वाचलं तर आधीच्या शब्दांतला माझा कुठला हे मला सांगता येईना, कदाचित मीही तेच लिहिलं असतं, कदाचित नाही.

सगळं पुसलं. मग वरच्या पट्टीकडे न बघता एकेक अक्षर टाइप करून ‘निघाले’ एवढंच लिहिलं, आणि निघाले.