पहिल्या बसचा गठ्ठा

मंडळी, नमस्कार.

लहानपणी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात पेपर पहिल्या बसनं यायचा. बस पुरती थांबायचीही नाही. कंडक्टर दारातूनच गठ्ठा भिरकवायचा आणि पावसाळ्यात तो हमखास चिखलात पडायचा. वरचे दोन अंक वाया. उरलेल्यातला एक माझे वडील मारुतीच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचे. दिल्ली-मुंबई चालू असेतो माणसं निवांत तंबाखू मळत बसायची. तालुक्याचं पान उघडलं, की हात थांबायचे. कुणाच्या भातात गवे शिरले, काजूला काय दर आला, कुठल्या पुलावर पाणी चढलं. "परत एकदा वाच की," असं कुणीतरी म्हणायचंच.

बेळगावात मराठी पेपर ही काही कालची गोष्ट नव्हे. 'बेळगाव समाचार' 1863 साली निघाला. बाबूराव ठाकूरांनी 'तरुण भारत' सुरू केला 1919 मध्ये. आपल्याकडं या पेपरांवर एक जादा काम पडतं, जे पुण्या-साताऱ्यात पडत नाही. इथली सरकारी नोटीस कन्नडात, उतारा कन्नडात, पंचायतीच्या फळ्यावरचा कागदही कन्नडात. राज्यघटनेचं 350 वं कलम सांगतं, की राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तुम्ही गाऱ्हाणं मांडू शकता. चांगलंच आहे. पण गाऱ्हाणं कशाचं मांडायचं, हे आधी कळायला नको का?

हेच बघा. राष्ट्रीय महामार्गाला जमीन घ्यायची तर सूचनेचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यातलं एक देशी भाषेतलं. राजपत्रात सूचना आली, की हरकत घ्यायला 21 दिवस. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला या दिवसांचा हिशेब मी काय सांगणार? ती बारीक अक्षरांतली जाहिरात कुणीतरी वाचून, "अहो, यात तुमचे सर्व्हे नंबर आहेत," असं मराठीत छापलं, तरच 21 दिवसांना काही अर्थ.

2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला आणि बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, आठवतं ना? मुंबईचे चॅनेल एक ओरडत होते, बेंगळुरूचे दुसरंच. मोबाईलवर तर कुठली कुठली जुनी जळती बस फिरत होती. आमच्या शेजारच्या काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला जायचं होतं. त्यांना सीमाप्रश्नावरची चर्चा नको होती. बस सुटणार का, आणि सुटली तर कुठपर्यंत जाणार, एवढंच हवं होतं. ते स्टँडवर स्वतः उभा राहिलेला माणूसच सांगू शकतो.

असा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. दिवसा किराणा दुकान, संध्याकाळी वार्ताहर. मिळणारं मानधन पेट्रोललाही पुरत नाही. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खणलेला चर पावसाळाभर उघडा होता. एक म्हातारी त्यात पडली, हात मोडला. तीन अर्ज झाले. शेवटी हा पठ्ठ्या मोटारसायकलवरून आला. मोजायला टेप नव्हता, म्हणून त्यानं चरात आपली छत्री उभी केली आणि फोटो काढला. छत्री मुठीपर्यंत आत! खाली सहा ओळी. चौथ्या दिवशी मुरूम पडला. डांबर अजून नाही म्हटल्यावर त्यानं त्याचीही बातमी केली.

आता पैशाचं. अंकाच्या किमतीत कागद, शाई, गाडी, विक्रेत्याचं कमिशन भागत नाही. तूट जाहिरातीनं भरून काढावी लागते. आणि आपल्याकडं जाहिरात म्हणजे साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी. पानभर हसरे चेहरे, खाली शुभेच्छुकांची रांग. ज्या साहेबांच्या पुरवणीवर महिना निघतो, त्यांच्या माणसानं बांधलेल्या गटारीवर कोण लिहील? लिहिणारे आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्या पाठीशी वर्गणीदार किती, हे मोजून बघा. मी पेपरवाल्यांना यात दोष देतो, पण अर्धाच. तो वार्ताहर सहा ओळींसाठी चार किलोमीटर जातो, आणि आपण सकाळी ग्रुपवर आलेली पीडीएफ फुकट वाचून त्याखाली जोडलेले हात टाकतो.

हे मी तुम्हाला ऐटीत सांगतोय खरं. परवा आमचा पेपरवाला पोरगा सायकल गेटला टेकवून उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "काका, दोन महिन्यांचं राहिलंय." मी पाकीट शोधायला आत गेलो. त्याच्या वहीत आमच्या गल्लीतली अकरा घरं होती. त्याच्या बापाच्या वेळी, तो म्हणाला, चाळीस होती.