तिथी नसलेले आजोबा

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘सैनिकांच्या मृत्युनोंदी आणि आपली वंशावळ’. त्यावर येतोच. पण आधी सर्वपित्री अमावास्येविषयी बोलू द्या, कारण माझ्या मते सगळं तिथंच अडलेलं आहे.

शिरोळ तालुक्यातल्या एका घरात देव्हाऱ्यात चांदीचा टाक पाहिला. पिढ्यान् पिढ्या चिंचेनं घासून त्याचा चेहरा पार सपाट झालेला. हे कोण, विचारलं तर घरातल्या आजी म्हणाल्या, “बसऱ्याचा आजा.” नाव? ठाऊक नाही. “लढाईला गेला त्यो आलाच न्हाई. तिथ म्हाईत न्हाई, म्हणून सर्वपित्रीला पान वाढतोय.” अशी घरं आपल्या जिल्ह्यात किती असतील! इथं बसलेल्यांपैकीही काहींच्या माना हलताना दिसतायत.

पुढं त्या घरी हेळवी, म्हणजे घरोघरच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारे, आले. त्यांनी वही वाचली तेव्हा त्या पिढीत तीन भाऊ निघाले. दोघांचा विस्तार पानभर, तिसऱ्याचं नुसतं नाव. बिनलग्नाचा गेला की शाखा तिथंच खुंटते. ते नाव, बापाचं नाव आणि गाव घेऊन आम्ही राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत शोधायला बसलो. सापडला! शिपाई, त्याचा नंबर, पलटण ११० मराठा, मृत्यूची तारीख, आणि खाली एक ओळ: अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, शिरोळ, कोल्हापूर. आपल्याकडं पारावरचा म्हातारा नवख्या पोराला पहिलं काय विचारतो? “कुणाचा रं तू? कुठल्या गावचा?” ती ओळ नेमकं एवढंच सांगते.

घरात गोष्ट अशी होती की आजा गोळी लागून गेला. पण तारीख होती १९१६च्या पावसाळ्यातली. पहिल्या महायुद्धात ११० मराठा पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला उपाशी फौजेनं शरणागती पत्करली. तारीख त्यानंतरची, म्हणजे हा शिपाई तुर्कांच्या कैदेत गेला असण्याचा संभव मोठा. त्या कैद्यांना उन्हातून पायी हाकललं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. आजारानं आणि उपासमारीनं माणसं वाटेत पडली. पंचांग पाहणाऱ्या गुरुजींकडून त्या तारखेची तिथी काढून घेतली. पुढच्या खेपेला आजींनी पान वाढलं ते त्या तिथीला, नाव घेऊन.

आता माझा राग ऐका. बसऱ्याचं स्मारक मेसोपोटेमियात गेलेल्या ४० हजारांहून जास्त माणसांचं. अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार आकडा टाकला! आयोगानं २०२१ साली या भेदभावाचा अहवाल काढून माफी मागितली. पण आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्या बघा: या गावातून इतके महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथंही आकडाच. अहो, गावाला तर नावं माहीत होती! त्या पाटीशेजारी दुसरी पाटी बसवायला आज ग्रामपंचायतीला कितीसा खर्च आहे?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तेव्हा कामाचं भराभर सांगतो.

नुसत्या नावावर शोधू नका. इंग्रज कारकुनानं ‘चव्हाण’ कसा लिहिला असेल याचा नेम नाही. बापाचं नाव, गाव आणि पलटण लावून बघा. गाव ओळखताना संस्थानाचा जुना नकाशा डोळ्यांपुढं ठेवा: तालुका आळते दिसला तर तो आजचा हातकणंगले, रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, आज ते कर्नाटकात आहे. पलटणींचे नंबर १९२२ साली बदलले. ‘पाचवी मराठा’ ही रेजिमेंट तेव्हाच बनली: १०३ मराठा तिची पहिली बटालियन झाली, ११० तिसरी. म्हणून पहिल्या महायुद्धातला माणूस ‘पाचवी मराठा’मध्ये हुडकू नका. आणि सगळे मराठा पलटणीतच होते असंही नाही. १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटण बघा, खेचरांच्या तुकड्या बघा, मजूर तुकड्या बघा.

आयोगाची यादी पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१पर्यंत आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७पर्यंतच्या मृत्यूंची. युद्ध संपल्यावर तापानं गेला म्हणून सोडून देऊ नका. इटलीत गेलेल्यांसाठी कसिनोचं स्मारक पाहा; व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नाईक यशवंत घाडगेंचं नाव तिथंच आहे. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक आणि बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय. नोंदीत मृत्यूचं कारण बहुधा नसतं. ते पलटणीच्या युद्धदैनंदिनीतून जुळवावं लागतं, आणि त्यातल्या बऱ्याच लंडनजवळ क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत.

दाराशी टेबलावर वही ठेवलीय. घरच्या माणसाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव आणि घरात चालत आलेली गोष्ट, जशी ऐकली तशी लिहून जा. मोडीतले कागद असतील तर तेही सांगा, वाचणारी माणसं आपल्याकडं आहेत.