मुंबई बंदराचे दिवे आणि धक्के

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई बंदराची गोष्ट बहुधा गेटवेपासून सुरू होते. गेटवे देखणा आहे, पण तो 1924 चा, म्हणजे बंदराच्या मानाने बराच अलीकडचा. आज मी बोलणार आहे ते बंदर ज्यांच्या जिवावर चाललं त्या दीपगृहांबद्दल आणि धक्क्यांबद्दल.

अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरी आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी ऐन पावसाळ्यात या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. बेट मुंबईच्या तोंडाशी, त्यामुळे इंग्रज हादरले. त्यांनी आरमार पाठवलं, महिनोन् महिने वेढा दिला. मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं हटली नाहीत, आणि अखेर 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. पुढे 1867 मध्ये याच बेटावर इंग्रज राजवटीत दीपगृह उभं राहिलं. जी जागा मराठ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून ते लढले, तीच आता त्यांच्या जहाजांना मुंबईची वाट दाखवू लागली. बंदराच्या इतिहासातलं हे मला सर्वांत विलक्षण वळण वाटतं.

दुसरा दिवा प्रॉन्ग्सचा. कुलाब्याच्या टोकापासून खडकांची एक रांग समुद्रात शिरते. भरतीला ती पाण्याखाली जाते, आणि जहाजाला धोका असतो तो तेव्हाच. 1875 साली तिथे प्रॉन्ग्स दीपगृह बांधलं गेलं. त्याचे अभियंते होते थॉमस ऑर्मिस्टन. पूर्ण ओहोटीला खडकांवरून चालत तिथपर्यंत जाता येतं, मात्र भरती लागायच्या आत परतावं लागतं.

वीज येण्याआधी असे फिरते दिवे कसे चालत, तेही ऐका. मध्ये तेलाची ज्योत आणि भोवती जाड काचेची भिंगं. भिंगांचा तो सगळा पिंजरा फिरायचा वजनाच्या जोरावर, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखा. वजन हळूहळू खाली उतरे आणि रखवालदार ते पुन्हा वर चढवी. असं रात्रभर चाले. पिंजरा थांबला तर लुकलुक थांबे, आणि समोरचा दिवा कोणता हे खलाशाला कळायला मार्ग उरत नसे. कारण प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, तीच त्याची ओळख.

आता धक्क्यांकडे येऊ. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. उघड्या धक्क्याला लागलेलं जहाज काही तासांत खाली बसणार, मग माल चढवायचा-उतरवायचा कसा? म्हणून दरवाजे लावून पाणी अडवणाऱ्या गोद्या आल्या. 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक. याच व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलातले जे जवान त्यात गेले, त्यांच्या स्मरणार्थ आजही त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

पण कोकणातल्या माणसाचं बंदर म्हणजे भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. पूर्वी उतारूंना चिखल तुडवत होडीत चढावं लागे. 1841 च्या सुमारास भाऊंनी शहराचा केरकचरा भरावाला वापरून धक्का बांधला. गव्हर्नरांची नावं दिलेल्या किती वास्तूंची नावं बदलली! भाऊंचं नाव मात्र लोकांनी स्वतःहून ठेवलं आणि टिकवलं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या चाकरमान्यांच्या कितीतरी पिढ्या आगबोटीने गावी गेल्या. गावाकडच्या बंदरांत बहुतेक ठिकाणी आगबोट लागेल असा धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही. हलत्या शिडीवरून ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या माणसांना खालच्या पडावात उतरवत.

17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसकडे निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, माणसं घरी चाललेली. वादळी लाटांनी बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हतं, त्यामुळे मुंबईला कितीतरी तास पत्ताच नव्हता. जे वाचले त्यांतल्या अनेकांना तिकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. ज्या बंदरात मोठ्या जहाजांसाठी इतके दिवे, इतक्या गोद्या, तिथे रेवसच्या उतारूंसाठी एक बिनतारी यंत्र नसावं, याची चीड मला आजही येते. मुंबई बंदराचा इतिहास लिहिताना रामदासला तळटीपेत ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे.

भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यात खांदेरी आहे. समुद्र शांत असेल तेव्हा थळहून होडीने तिथे जाता येतं. गेलात तर तटबंदी पाहाच, आणि दीपगृहाशीही थोडा वेळ थांबा.

नमस्कार.