बेरीज कोण करणार?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावापुढे छापलंय, 'खेळाडू मुलांची गुडघेदुखी : किती खेळू द्यावं आणि केव्हा घाबरावं'. यातलं 'किती' आणि 'केव्हा' मी नेहमी शेवटी घेतो आणि नेहमी ते राहून जातं, अशी आयोजकांची तक्रार आहे. आज राहणार नाही. माझ्या आधीच्या वक्त्यांनी झोपेचं महत्त्व फार छान सांगितलं. मागच्या दोन रांगांनी ते तिथल्या तिथे अमलातही आणलं.

त्यांच्यासाठी आधी एक काम. बसल्या जागी उजवा गुडघा वाकवा आणि वाटी चाचपा. वाटीच्या खालच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली या. नडगी सुरू होते तिथे हाडाचा एक उंचवटा लागेल. तो सगळ्यांनाच असतो, पण काहींच्या हाताला चांगला ठसठशीत टेंगूळ लागेल. अशांनी हात वर करा बघू. आहेत, पाच-सहा जण आहेत. तुम्ही बाराव्या-तेराव्या वर्षी भरपूर पळत होतात, उड्या मारत होतात आणि गुडघा टेकवला की कळवळत होतात. बरोबर ना? आणि आता दुखत नाही. ते तिकडचे काका म्हणतायत, फरशीवर गुडघा टेकला तर अजून टोचतं. तेही खरं. काहींना टोचत राहतं.

या टेंगळाचं नाव ऑसगुड-श्लाटर. बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लाटर या दोन डॉक्टरांनी 1903 साली, एकमेकांना न विचारता, त्याचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा आठच वर्षं झाली होती. हाडं दिसायला लागल्याबरोबर डॉक्टरांना जे दिसलं, त्यात मुलांचे गुडघे होते. म्हणजे हे दुखणं मोबाइलमुळे आलेलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येक आजीला तशी खात्री असते.

तिथे होतं काय? मूल उंच होतं तेव्हा पायाच्या लांबीतली जवळजवळ दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वर-खाली होते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. हाडं पुढे निघून जातात, मांडीचा स्नायू मागून येतो, त्यामुळे तो ताणलेलाच असतो. हा भला दणकट स्नायू वाटीवरून खाली येऊन कंडरेच्या, म्हणजे दोरासारख्या चिवट पट्ट्याच्या, रूपाने नेमका त्या उंचवट्यावर पकडलेला असतो. मोठ्या माणसात तो उंचवटा पक्क्या हाडाचा असतो, म्हणून जास्त उड्या मारल्या की आपली कंडरा दुखते. मुलात तिथे अजून कूर्चा असते, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ भाग. दोर मजबूत आणि खुंटी ओली, अशी अवस्था. प्रत्येक उडी, प्रत्येक एकदम थांबणं, प्रत्येक किक त्या खुंटीला हिसका देते. मुलींना हे साधारण 8 ते 13 या वयात होतं, मुलग्यांना 10 ते 15 मध्ये. उंची झपाट्याने वाढते त्या काळात जास्त. वाढ पुरी झाली, कूर्चेचं हाड झालं की थांबतं.

असाच प्रकार वाटीच्या खालच्या टोकाला झाला तर त्याला सिंडिंग-लार्सेन-योहानसन म्हणतात. नाव लक्षात ठेवू नका. बोट ठेवून दाखवता येणारी दुखरी जागा आहे, एवढं लक्षात ठेवा. आणखी एक मोठा गट आहे, ज्यांना बोट ठेवता येत नाही. ते पूर्ण तळवा गुडघ्यावर ठेवतात आणि म्हणतात, 'इथे सगळीकडे.' जिना उतरताना दुखतं, वर्गात बराच वेळ बसलं की दुखतं. वाटीमागचं हे दुखणं मुलींमध्ये जास्त दिसतं आणि ते नेहमी आपोआप जात नाही. बऱ्याच मुली ते वर्षानुवर्षं अंगावर काढतात. 'मोठी झालीस की थांबेल' हे आश्वासन त्यांना देऊ नका.

आता माझं रडगाणं. खेळाडू मुलाचा गुडघा दुखायला लागला की त्याला दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं. पहिलं, 'वाढीचं वय आहे, दुखणारच, खेळ.' दुसरं, 'सहा महिने खेळ पूर्ण बंद.' पहिलं मैदानावर ऐकू येतं, दुसरं दवाखान्यात. दोन्ही वाक्यांत बोलणाऱ्याची सोय आहे, कारण दोन्हीनंतर पुढचा विचार करावा लागत नाही.

मला एक मुलगी आठवते. वय 12, बास्केटबॉल खेळायची, वर्षभरात उंची भराभर वाढलेली. आई-वडील फाइल घेऊन आले. फाइल म्हणजे दोन्ही हातांनी धरायची वस्तू होती. एक्स-रे, दोनदा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या. एक्स-रेवर उंचवट्याजवळ हाडाचे बारीक तुकडे दिसत होते, ते या वयात आणि या दुखण्यात दिसतातच. कुणीतरी त्याला फ्रॅक्चर समजून पाय प्लास्टरमध्ये घातला होता. मग कुणीतरी खेळ बंद केला. दीड महिना बंद ठेवल्यावर गुडघा अगदी छान झाला. सोमवारी ती मैदानावर परत गेली आणि गुरुवारी लंगडत घरी आली. मग नवीन डॉक्टर, नवीन एमआरआय, पुन्हा बंद. असं चाललेलं.

मी विचारलं, आठवड्यात किती खेळते? वडील म्हणाले, 'फार नाही हो, रोज तास-दीड तास.' मुलगी आईकडे बघायला लागली. आईने एक्स-रेचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर लिहायला घेतलं. शाळेचा संघ, सकाळी दीड तास, पाच दिवस. क्लब, संध्याकाळी दोन तास, चार दिवस. रविवारी सामना, दोन तास. लांब उडीचे वेगळे सर, आठवड्यातून दोनदा तासभर, कारण 'अंगात उडी आहे'. शाळेतला पीटीचा तास तो वेगळाच, आठवड्याला मिळून दीड तास. बेरीज झाली 21 तास. वडील पाकिटाकडे बघतच राहिले. मग थोड्या वेळाने, हळूच, त्यांनी सांगितलं की स्टॅमिना वाढावा म्हणून ते तिला रोज इमारतीचे जिने चढ-उतार करायला लावतात. ते पाकिटावर आलंच नव्हतं.

मी सगळ्या प्रशिक्षकांना फोन केला. शाळेचे सर म्हणाले, माझ्याकडे फक्त दीड तास. क्लबचे म्हणाले, आमच्याकडे फक्त चार दिवस आणि तेही शास्त्रशुद्ध. उडीचे सर म्हणाले, माझे तर फक्त दोन तास, ते काढून काय होणार? सगळे खरं बोलत होते. चांगली माणसं होती, मुलीवर जीव होता त्यांचा. तास कमी करायलाही सगळे तयार होते, फक्त दुसऱ्याचे. पण ती बेरीज कुणाकडेच नव्हती. प्रत्येकाला आपला आकडा माहीत होता आणि एकूण आकडा फक्त तिच्या गुडघ्याला माहीत होता.

म्हणून मी म्हणतो की या दुखण्यातलं सगळ्यात उपयोगी उपकरण एमआरआय नाही, पाकिटाची मागची बाजू आहे. ऑसगुड-श्लाटर ओळखायला बहुतेक वेळा बोट पुरतं. चित्र वेगळं वाटलं तरच एक्स-रे. आणि पूर्ण विश्रांती कामाला का येत नाही, तेही या मुलीने दाखवलंच. दीड महिन्यात मांडीचा स्नायू बारीक झाला, कंडरेची सवय गेली आणि सोमवारी तिच्यासमोर तेच 21 तास उभे होते. मुलगी परतली ती आधीपेक्षा कच्ची होऊन. शिवाय बाराव्या वर्षी सहा महिने संघाबाहेर बसणं म्हणजे काय, हे लिहून देणाऱ्याने कधीतरी त्या वयाच्या मुलाला विचारावं.

पुढे काय झालं? उडी त्या हंगामापुरती सोडली. शाळेच्या सकाळी तीनवर आणल्या, क्लबच्या संध्याकाळी दोनवर. जिने बंद. दुखणं जादू झाल्यासारखं गेलं नाही. वर्षभराहून जास्त काळ ते कमी-जास्त होत राहिलं, पण त्या काळात ती खेळत होती.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, 'किती' घेतो, भराभर.

सोपा नियम असा, मुलाचं जितकं वय, आठवड्याला तितक्या तासांपेक्षा जास्त आखलेला सराव नको. बारा वर्षं, तर बारा तास. सामने आणि पीटी त्यात धरायचे. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. मुख्य खेळातून वर्षभरात मिळून तीन महिने बाहेर, एकेक महिन्याच्या तुकड्यांत घेतले तरी चालेल. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सुट्ट्यांबद्दल हेच सांगते. लहान वयात एकच खेळ वर्षभर नको, हेही. त्या महिन्यांत मूल दुसरं काही खेळलं तर उत्तम, पोहलं तर आणखी उत्तम.

दुखत असताना खेळावं का? मुलाला शून्य ते दहात विचारा. दोन-तीनपर्यंत दुखत असेल, लंगडत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखं होत असेल, तर चालू द्या. सकाळी जास्त दुखत असेल तर कालचा डोस जास्त झाला, उद्याचा कमी करा. उड्या आणि स्प्रिंट आधी कापायच्या, नेम आणि पासिंग शेवटी. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन उतरवणं बंद करा. गोळी वेदना झाकते, हिसका तेवढाच बसतो. त्या टेंगळात स्टिरॉइडचं इंजेक्शन तर नकोच.

व्यायाम. मांडीचा स्नायू आधी न हलवता आवळून धरायचा, मग भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, मग हळूहळू पूर्ण उठाबशा आणि शेवटी उड्या. याला आठवडे लागतात. वाटीमागच्या दुखण्यात खुब्याचे स्नायूही घ्या. प्रशिक्षकांनो, फुटबॉलवाल्यांनी 'फिफा 11 प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप बसवलाय. नियमित केला तर दुखापती ठळकपणे कमी होतात. मुलींचा संघ असेल तर तो टाळूच नका, कारण उडीवरून उतरताना गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना आतून बांधून ठेवणारा पट्टा, फाटण्याचं प्रमाण मुलींत मुलग्यांच्या कित्येक पट आहे.

आता 'केव्हा घाबरावं'. गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला आणि काही तासांत तो टम्म सुजला, तर त्याच दिवशी दाखवा. आत रक्त साठलेलं असू शकतं. गुडघा अडकतो, सरळ होत नाही, तर दाखवा. ताप आणि लाल, गरम गुडघा एकत्र असतील तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दुखण्याने झोपमोड होते, विश्रांतीतही दुखतं, एकाच बाजूला सूज वाढत चाललीय, तर 'खेळताना लागलं असेल' म्हणून सोडू नका. या वयात हाडाचा कर्करोग क्वचित होतो, पण होतो तेव्हा गुडघ्याच्या आसपासच जास्त होतो, आणि मैदानावर पडल्याची एखादी गोष्ट प्रत्येक मुलाकडे असतेच. लहान मुलांचे संध्याकाळी दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी ती पळायला लागतात, ते वेगळं, त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि शेवटचं, घड्याळाकडे न बघता. गुडघा दुखतो म्हणतो, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, मूल लंगडतं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं राहतं, तर खुबा तपासा. दहा ते सोळा वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलात, मांडीच्या हाडाचा गोळा वाढकूर्चेवरून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरावरून, सरकतो आणि दुखतं मात्र गुडघ्यात, कारण मज्जातंतू दोन्हीकडचे सामायिक आहेत. अशा मुलाला त्या पायावर चालवत घरी न्यायचं नाही. त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचे एक्स-रे, समोरून आणि बाजूनेही. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून नाटक करतोय असं ठरवून मोकळे होऊ नका.

आयोजक उभे राहिलेत. नी-कॅप घालावी का, अशी चिठ्ठी ज्यांनी पाठवलीय त्यांना उत्तर देऊन बसतो. बरं वाटत असेल तर खुशाल घाला, पण ती घातली म्हणून तास वाढवू नका. बाकीच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर पायऱ्यांपाशी भेटा. टेंगूळवाले काका, तुम्ही पण या.