इंग्लंडचं जिवंत कुंपण

नमस्कार मंडळी. इंग्लंडचं खेडं डोळ्यासमोर आणा म्हटलं की बहुतेकांना हिरवी शेतं, मेंढ्या, चर्चचा मनोरा आणि त्या शेतांच्या मधून इकडून तिकडे गेलेल्या गडद हिरव्या रेघा दिसतात. आज मला त्या रेघांबद्दलच बोलायचंय. त्यांना हेज म्हणतात, म्हणजे झाडांचं जिवंत कुंपण. मी इथे मिडलँड्समध्ये, म्हणजे मधल्या इंग्लंडमध्ये राहते, त्यामुळे ही कुंपणं रोज बघते, आणि जितकी माहिती होत गेली तितकं मला वाटायला लागलं की इंग्लंडच्या गावाकडचा अख्खा इतिहास, त्यातली मारामारी, अन्याय, कष्ट, प्रेम, सगळं या काटेरी झुडपांत अडकलंय, आणि आपल्या लोकांपर्यंत ते फारसं पोचतच नाही.

आधी हे बघा की ही कुंपणं नेहमीपासून अशी नव्हती. मधल्या इंग्लंडमध्ये कित्येक गावांत पूर्वी दोन-तीन मोठाली उघडी शेतं असायची, त्यात प्रत्येक घराच्या लांबच लांब अरुंद पट्ट्या, एक इथे तर दुसरी पार तिकडे, आणि गावाबाहेर सगळ्यांची मिळून गायरानाची जमीन. ज्याच्याकडे स्वतःचं काहीच नाही तोसुद्धा त्या गायरानात एक गाय, चार बदकं सोडू शकायचा, सरपण आणू शकायचा. मग जमीनदारांना कळलं की धान्यापेक्षा मेंढीच्या लोकरीत जास्त पैसा आहे, आणि त्यांनी जमिनी वेढून घ्यायला सुरुवात केली. खंदक खणायचा, कडेनं काटेरी झाडं लावायची, की आत दुसऱ्याची गाय येणार नाही.

लोकांनी हे गप्प बसून घेतलं असं अजिबात नाही. 1549 साली नॉरफकमध्ये लोकांनी कुंपणं उपटायला सुरुवात केली आणि ते रॉबर्ट केट नावाच्या माणसाच्या जमिनीपर्यंत आले, हा स्वतः खाऊनपिऊन सुखी माणूस, त्यानेही जमीन वेढलेली होती, पण त्याने लोकांचं म्हणणं ऐकलं, स्वतःचीच कुंपणं पाडली आणि त्यांचा पुढारी झाला. नॉर्विच शहराबाहेर माउसहोल्ड हीथवर हजारो लोकांनी तळ ठोकला. शेवटी सैन्य आलं, उठाव मोडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केटला नॉर्विचच्या किल्ल्यावर फाशी दिलं. त्याच किल्ल्याच्या भिंतीवर 1949 साली, म्हणजे 400 वर्षांनी, त्याच्या सन्मानाची पाटी लावली गेली. पुढे 1607 साली मिडलँड्समध्ये परत तेच झालं, नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या न्यूटन गावाजवळ कुंपणं उपटणाऱ्या लोकांवर जमीनदारांची माणसं चालून गेली आणि 40 च्या वर माणसं मारली गेली. कुंपणासाठी माणसं मेलीयत, मंडळी. हे लक्षात ठेवूनच त्या सुंदर हिरव्या रेघांकडे बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नंतरचं काम कायद्याने झालं. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटमध्ये जमिनी वेढायची 5,200 हून जास्त बिलं आली आणि त्यात जवळपास 68 लाख एकर जमीन गेली, त्यातला मोठा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. गावात कमिशनर यायचे, मोजणीदार साखळी घेऊन यायचे, नकाशावर सरळ रेघा मारायचे आणि ज्याला तुकडा मिळाला त्याने ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या खर्चाने कुंपण घालायचं. आता ज्याच्या वाट्याला दोन-चार एकरच आले त्याला हा खर्च झेपायचाच नाही, मग तो जमीन विकून मोकळा व्हायचा आणि मजुरीला लागायचा. जाता जाता सांगते, ती मोजणीची साखळी 66 फुटांची, म्हणजे 22 यार्ड, क्रिकेटच्या पिचची लांबी तीच. आणि आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे बरोब्बर अर्धी साखळी बाय अर्धी साखळी. सातबाऱ्यावर आपण गुंठे वाचतो तेव्हा त्या इंग्रजी मोजणीशी आपलाही धागा जुळलेला असतो.

अजून एक धागा आहे आणि तो कडू आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातही एक प्रचंड कुंपण घातलं होतं, मिठावरचा कर बुडवून कुणी मीठ पलीकडे नेऊ नये म्हणून. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग जे जे काटेरी जगेल ते लावलं, कुठे नुसत्या काट्यांचा ढीग रचला, आणि ते पंजाबातून खाली खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं. ज्या ॲलन ह्यूमचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेत वाचतो तो काही वर्षं हे कुंपण सांभाळणाऱ्या जकात खात्याचा प्रमुख होता. 1879 मध्ये ती जकातीची हद्द बंद झाली आणि आज त्याचा मागमूसही जवळपास उरलेला नाही. इंग्लंडमधली कुंपणं मात्र टिकली, कारण तिथे दर पिढीत ती कुणीतरी हाताने सांभाळली.

आणि हीच गोष्ट मला तुम्हाला नीट सांगायचीय. हॉथॉर्न किंवा ब्लॅकथॉर्न या काटेरी झाडांची रांग लावली आणि सोडून दिली तर तिचं कुंपण राहत नाही. झाडं उंच जातात, फांद्या वर वर जातात, बुडाशी भगदाडं पडतात आणि मेंढ्या आरामात पलीकडे. म्हणून पंधरा-वीस वर्षांतून एकदा हेज आडवं पाडावं लागतं, त्या कामाला हेजलेइंग म्हणतात. हे हिवाळ्यातलं काम, पानं गळलेली असतात, झाड झोपलेलं असतं. आधी मधली वाळकी काटकी, वेली, ब्लॅकबेरीचं जाळं साफ करायचं. मग एक उभं खोड धरायचं आणि बिलहुकनं, जो आपल्या कोयत्याच्याच घराण्यातला आहे, जमिनीलगत वरून खाली तिरका घाव घालायचा, असा की खोड जवळजवळ तुटतं पण साल आणि थोडंसं लाकूड यांची एक पातळ जीभ बुडाला चिकटून राहते. मग ते खोड हळूच वाकवून तिरपं निजवायचं. ती जीभ तुटली तर खोड मेलं, जाड राहिली तर वाकत नाही. एवढ्याशा सालीतून मुळांचं पाणी वर जातं आणि आडवं पडलेलं झाड वसंतात पालवतं! मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा खरंच विश्वास बसत नव्हता, मांडीएवढं जाड खोड बोटभर जाडीच्या सालीवर जगतंय म्हणजे काय. आडव्या खोडांच्या मधे साधारण हातभर अंतरावर खुंट ठोकतात आणि वरून हेझल नावाच्या झाडाच्या लवचिक काठ्या पीळ देत विणून घेतात, म्हणजे वाऱ्याने ते उलगडत नाही. बुंध्याच्या कापलेल्या जागेतून नवे धुमारे सरळ वर येतात आणि खालची भगदाडं भरून निघतात.

प्रत्येक भागाची पद्धत वेगळी, आणि ती तिथल्या जनावरांवरून ठरलेली. आमच्या मिडलँड्सचं हेज बैलांसाठी, बैल अंग घासतो, रेटतो, म्हणून ते उंच, दणकट, आणि काटेरी शेंडे बैलाच्या बाजूला काढलेले. वेल्सकडे मेंढ्या जास्त, मेंढी कोवळे धुमारे खाते, म्हणून तिथे वाळकं लाकूड मधे खुपसून नव्या फुटव्यांचं रक्षण करतात. यॉर्कशायरचं हेज अरुंद, वरती चिरलेल्या लाकडाची पट्टी ठोकलेली. डेव्हनमध्ये तर आधी मातीचा उंच बांध आणि त्याच्या डोक्यावर हेज, खुंटाऐवजी दुबेळक्याच्या आकड्या मारून खोडं दाबून धरायची. बिलहुकचे आकारसुद्धा भागाभागाप्रमाणे बदलतात. कुठल्याही ऑफिसात बसून कुणी हे डिझाइन केलेलं नाही, शेतावरच्या मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या करत करत ठरवलेलं आहे, आणि हे ते मजूर ज्यांच्या आज्या-पणज्यांची गायरानं याच कुंपणांनी गेली होती. हा विचार आला की मला गलबलून येतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं फिरलं. धान्य जास्त पाहिजे, ट्रॅक्टर मोठे, कम्बाइन मोठे, छोटी शेतं नकोत, म्हणून कुंपणं उपटायला सरकार अनुदान द्यायला लागलं. निम्म्याच्या आसपास हेज त्या काळात गेली, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तर मैलोन्‌मैल सपाट झालं. आणि मग लोकांच्या लक्षात आलं की आपण काय घालवलं. यलोहॅमरसारखे पक्षी, डॉरमाउस नावाचा सोनेरी चिमुकला प्राणी, वटवाघळं, फुलपाखरं हे सगळे याच झुडपांत राहणारे. रॉब वोल्टन नावाच्या निसर्गअभ्यासकाने डेव्हनमध्ये स्वतःच्या शेतावरच्या एकाच हेजमध्ये 2,000 हून जास्त जातींचे जीव नोंदवले, एका हेजमध्ये! 1997 मध्ये कायदा आला, आता शेतातलं 20 मीटरहून लांब हेज काढायचं तर सहसा आधी स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं, आणि 30 वर्षांहून जुनं आणि महत्त्वाचं ठरलं, उदाहरणार्थ 1850 च्या आधीच्या गावाची हद्द दाखवणारं असलं, तर ते तोडायला मनाई करता येते. म्हणजे बघा, ज्याला उपटलं म्हणून केटला फाशी झाली, ते उपटू नये म्हणून आज लोक कौन्सिलकडे धाव घेतात. मला यात विरोधाभास वाटत नाही. जमीन कुणाची हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे, पण झाडांचा त्यात दोष नव्हता.

सरकारने इंग्लंडमध्ये 2050 पर्यंत 45,000 मैल हेज नवीन लावायचं किंवा जुनं दुरुस्त करायचं ठरवलंय. ऐकायला छान आहे, पण माझी काळजी वेगळी आहे. रोपं लावता येतील, पुढे पंधरा वर्षांनी ती निजवायची कुणी? ट्रॅक्टरला लावलेलं कापायचं यंत्र दरवर्षी फिरवणं सोपं पडतं, पण हॉथॉर्नला फूल येतं ते आदल्या वर्षीच्या फांदीवर, ती दरवर्षी छाटली की मे महिन्यात फुलं नाहीत आणि हिवाळ्यात पक्ष्यांना लाल फळं नाहीत. 1978 साली नॅशनल हेजलेइंग सोसायटी निघाली ती ही हाताची विद्या जाऊ नये म्हणून. त्यांच्या स्पर्धा होतात, शिकवणी होते, आणि चांगली गोष्ट म्हणजे शेतीशी काही संबंध नसलेली शहरातली माणसंही शिकायला येतात.

इंग्लंडात राहणाऱ्या श्रोत्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की एकदा जाऊन हात लावून बघा, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्था हिवाळ्यात स्वयंसेवकांना बोलावतात, हत्यारं बहुतेक ठिकाणी तेच देतात. जाड चामड्याचे हातमोजे मात्र घालाच, ब्लॅकथॉर्नचा काटा मोडून आत राहिला तर बोट चांगलंच सुजतं. आणि महाराष्ट्रातून कुणी फिरायला येणार असेल तर नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्सटन गाव यादीत घ्या, तिथे ती जुनी उघडी शेतं अजून कसली जातात, गावाची पंचायत बसते आणि कुणी दुसऱ्याच्या हद्दीत नांगर घातला तर दंड करते, त्यामुळे कुंपणांच्या आधीचं इंग्लंड तिथे प्रत्यक्ष बघता येतं. हेजलेइंग बघायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात या, कारण 1 मार्चपासून पक्ष्यांची घरटी सुरू होतात आणि 31 ऑगस्टपर्यंत शेतकऱ्यांना हेज कापायला बंदी असते.